साहेबांचा जबाब

पोलिसातल्या मोठ्या साहेबाच्या आयुष्यावर सिनेमा काढायचा ठरला की पहिला प्रश्न गोष्ट कोण सांगणार हा असतो. नट कोण घ्यायचा आणि शेवटचा गोळीबार किती वेळ चालवायचा हे मागाहून येतं. साहेबानं स्वतः सांगितलेली हकिकत आणि साहेबाबद्दल चौकशी करून काढलेली हकिकत या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आपल्याकडचे बहुतेक पोलीसपट पहिली वस्तू दुसरीच्या वेष्टनात विकतात. साहेबाचा चरित्रपट हा साहेबाचा जबाब असतो, आणि उलटतपासणी झाल्याशिवाय जबाबाला पुरावा मानू नये, एवढं एकच म्हणणं मला इथं मांडायचं आहे.

हे म्हणणं मला किनवटच्या कोर्टात काळा कोट घालून उभं राहता राहता सुचलं, म्हणून जबाब कसा तयार होतो ते आधी सांगतो. किनवट हा नांदेड जिल्ह्याच्या टोकाचा तालुका. पैनगंगा, सागाचं जंगल, आणि जंगल ओलांडलं की आदिलाबाद. इथं गोंड, कोलाम, प्रधान, आंध राहतात, बंजाऱ्यांचे तांडे आहेत. घरात गोंडी, कोलामी किंवा गोरमाटी बोलणारा माणूस बाजारात मराठीवर येतो, सीमेपलीकडं गेला की तेलुगूवर, आणि दुकानदाराशी दखनी हिंदीत घासाघीस करतो. अशा माणसाला साक्षीदार म्हणून पोलीस ठाण्यात बोलावलं जातं.

समजा तांड्यावर धुऱ्यावरून मारामारी झाली आणि शेजारच्या वावरात निंदणाऱ्या बाईनं ती पाहिली. ती बाई जमादारासमोर बसते. तिची हकिकत सुरू होते ती तीन वर्षांमागच्या मोजणीपासून. मग दिराचं लग्न येतं, त्यात कोण आलं नाही ते येतं, बोअरचं पाणी येतं, आणि या सगळ्यातून ती कुऱ्हाडीच्या दांड्यापर्यंत पोचते. तिच्या डोक्यात ही सगळी एकच गोष्ट असते. जमादार म्हणतो, 'याडी, ते राहू दे. मारलं कधी, कुणी, कशानं, तेवढं सांग.' आणि लिहायला घेतो. समक्ष हजर होऊन विचारल्यावरून जबाब देते की, मी वरील पत्त्यावर राहण्यास असून शेतमजुरी करून उपजीविका करते. दिनांक अमुक रोजी सायंकाळी सहा वाजेच्या सुमारास यातील आरोपी याने संगनमत करून शिवीगाळ केली, लाथाबुक्क्यांनी मारहाण केली व जिवे मारण्याची धमकी दिली. शेवटी ठरलेली ओळ: माझा वरील जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला असून तो मला वाचून दाखविला, तो बरोबर आहे.

'संगनमत' हा शब्द त्या बाईनं जन्मात उच्चारलेला नसतो. आरोपी एकटाच असला तरी कधी कधी संगनमत लिहिलेलं असतं, कारण लिहिणाऱ्याचा हात त्या वळणावर बसलेला आहे. जमादाराला मी दोष देत नाही. त्याला कलम बसवायचं असतं, रात्री बंदोबस्ताला जायचं असतं, आणि वरिष्ठांना हवा असतो तसा कागद करायचा असतो. पण कोर्टात ती बाई पिंजऱ्यात उभी राहते तेव्हा कागदावरची बाई आणि समोरची बाई जुळत नाहीत. मी विचारतो, 'संध्याकाळचे सहा वाजले होते हे तुम्हाला कसं कळलं?' ती म्हणते, 'मला घड्याळ कुठं कळतं साहेब, गुरं घरी येत होती.' या एका उत्तरात मला ती खरी सापडते. गुरं घरी येत होती, उजेड होता, तिनं पाहिलं असणार. कागदावरच्या सहा वाजेच्या सुमारापेक्षा ही गुरं कितीतरी मोठा पुरावा आहेत, आणि ती उलटतपासणीतूनच बाहेर आली.

कायद्याला हे फार पूर्वीपासून माहीत आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ नं ठरवलं की पोलीस अधिकाऱ्यापुढं दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले, कलमाचा आकडा बदलून २३ झाला, तत्त्व तेच राहिलं. साक्षीदारानं तपासात दिलेल्या जबाबावर सही किंवा अंगठा घ्यायचाच नसतो, आणि कोर्टात त्याचा मुख्य उपयोग साक्षीदाराला खोडून काढण्यापुरता. इंग्रजांनी आपल्यावर प्रेम म्हणून हे केलं नाही. आपल्याच पोलिसांनी बंद खोलीत काढलेल्या जबाबावर विसंबता येत नाही हा त्यांचा अनुभव होता. जिथं ऐकणाऱ्याच्या हातात सांगणाऱ्याची मान असते तिथं सांगितलेलं तपासूनच घ्यावं लागतं. पुढं दहशतवादविरोधी टाडा कायदा आला, त्याच्या कलम १५ नं अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब ग्राह्य धरला. महाराष्ट्राच्या १९९९ च्या मोक्का कायद्यात कलम १८ तेच करतं. हे अपवाद गंभीर गुन्ह्यांसाठी म्हणून केले गेले, आणि त्यांच्यावरचा वाद आजही मिटलेला नाही.

आता उलटा प्रसंग घ्या. ज्यानं जन्मभर दुसऱ्यांचे जबाब घेतले तोच खुर्चीत बसून स्वतःची हकिकत सांगतो आणि लिहिणारा त्याच्या हाताखालचा आहे. मानेवर हात कुणाचा आणि मान कुणाची, हे इथंही सुटलेलं नाही. खोली बंदच आहे.

नेमक्या या प्रसंगावर एक अख्खा सिनेमा उभा आहे. क्लिंट ईस्टवुड यांचा २०११ चा 'जे. एडगर'. अमेरिकेच्या एफबीआयचा संचालक जॉन एडगर हूवर १९२४ साली खुर्चीत बसला आणि १९७२ साली मरेपर्यंत उठला नाही. अठ्ठेचाळीस वर्षं, आठ राष्ट्राध्यक्ष. सिनेमात लिओनार्दो दिकाप्रियोनं केलेला म्हातारा हूवर ऑफिसात येरझाऱ्या घालत आपलं चरित्र सांगतोय, आणि एकामागून एक तरुण एजंट ते टंकलेखन यंत्रावर उतरवून घेतायत. एखादा मध्येच प्रश्न विचारतो, पुढं त्याच्या जागी दुसरा बसलेला दिसतो. हूवर सांगतो आणि आपण पाहतो: वैमानिक लिंडबर्गच्या बाळाच्या अपहरणाचा तपास, त्यातल्या आरोपीची, हाउप्टमनची, अटक, आल्विन कार्पिस या दरोडेखोराला हूवरनं स्वतःच्या हातानं पकडणं. आपल्याला वाटतं, हा सिनेमा घडलेलं दाखवतोय. शेवटाकडं क्लाइड टोल्सन, हूवरचा जन्माचा सोबती, आजारानं खिळलेला, ते लिहिलेलं वाचून त्याला समोरासमोर सांगतो की हे असं झालेलंच नाही. कार्पिसला तू पकडलं नाहीस. हाउप्टमनच्या अटकेच्या वेळी तू तिथं नव्हतास. आणि तेच प्रसंग पडद्यावर पुन्हा येतात, या वेळी हूवरशिवाय.

समीक्षकांनी या सिनेमाच्या म्हातारपणाच्या रंगभूषेवर बरंच लिहिलं, संथपणावर लिहिलं. माझ्या मते ती एक जागा सिनेमाला तारून नेते. दीड-दोन तास जबाब ऐकवून मग साक्षीदार पिंजऱ्यात उभा करायचा, आणि प्रेक्षकाला कळू द्यायचं की आपण ज्याला सत्य समजत होतो ती एका बाजूची सांगी होती. आणि उलटतपासणी करणारा कोण, तर ज्यानं हूवरवर सगळ्यात जास्त जीव लावला तो. शत्रूनं तेच म्हटलं असतं तर हूवरनं त्याची फाइल उघडली असती.

प्रत्यक्षातल्या हूवरनं असा साक्षीदार जिवंतपणी पडद्यावर कधी येऊ दिला नाही. १९५९ चा 'द एफबीआय स्टोरी', जेम्स स्टुअर्टचा, हूवरच्या देखरेखीखाली झाला. १९६५ पासून चाललेल्या 'द एफ.बी.आय.' या मालिकेवरही त्याच्या खात्याची नजर होती. अमेरिकेची एक अख्खी पिढी पोलिसांचा प्रमुख कसा असतो हे प्रमुखाच्याच तोंडून शिकली. तो वारल्यावर त्याची सचिव हेलन गँडी हिनं त्याच्या खासगी फायली नष्ट केल्या. १९७५ साली सिनेटच्या चर्च समितीनं उरलेल्या कागदांतून मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरची पाळत बाहेर काढली, आणि पुढच्याच वर्षी संचालकाची मुदत दहा वर्षांवर आणणारा कायदा झाला. पडद्यावरच्या हूवरला या मर्यादेची कधी गरज भासली नसती. कागदावरच्या हूवरनं ती आणायला लावली.

आपल्याकडं या. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला. किनवटच्या माणसाला मुंबई म्हणजे नंदीग्राम एक्स्प्रेस, आणि ती जिथं थांबते ते तेव्हाचं सीएसटी. त्या रात्री तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या हॉलमध्ये गाठोड्यावर डोकं ठेवून बसलेली माणसं मारली गेली. मुंबईत कामाला गेलेल्या आमच्याकडच्या कित्येकांनी त्याच फरशीवर रात्री काढलेल्या आहेत. म्हणून तो हल्ला इथं टीव्हीवरचा हल्ला नव्हता.

२०१३ च्या १ मार्चला राम गोपाल वर्मांचा 'द अटॅक्स ऑफ २६/११' आला. त्यात नाना पाटेकर सहपोलीस आयुक्त राकेश मारिया झाले आहेत. सिनेमाची बांधणी अशी: सहपोलीस आयुक्त चौकशी समितीसमोर बसून त्या रात्रीची हकिकत सांगतात आणि ते सांगतात तसं आपण पाहतो. म्हणजे 'जे. एडगर'चीच चौकट. साहेब बोलतोय, पडदा उतरवून घेतोय. नानांचा आवाज खोल आहे, डोळे भरून येतात, शवागारात जिवंत पकडलेल्या कसाबला त्याच्या मेलेल्या साथीदारांसमोर उभं करून ते बोलतात तो प्रसंग विसरता येत नाही. अभिनयाबद्दल माझं काही म्हणणं नाही, तो मोठा आहे. पण टोल्सन येत नाही. समितीतली माणसं बहुतेक ऐकूनच घेतात. जबाब सुरू होतो, चालतो, संपतो, आणि प्रेक्षक त्याला निकाल समजून घरी जातो.

प्रत्यक्षात त्या रात्रीच्या जबाबाला टोल्सन मिळाला होता. विनीता कामटे. अतिरिक्त पोलीस आयुक्त अशोक कामटे, एटीएसचे प्रमुख हेमंत करकरे आणि निरीक्षक विजय साळसकर हे तिघं कामा रुग्णालयाजवळ रंगभवनच्या गल्लीत मारले गेले. नवरा त्या गल्लीत का गेला, त्याला तिथं कुणी बोलावलं, आणि मदत का पोचली नाही, याची उत्तरं विनीताताईंना खात्यातून मिळेनात. मग त्यांनी माहिती अधिकारात अर्ज केला. नियंत्रण कक्षाच्या नोंदी मागितल्या. त्या रात्री नियंत्रण कक्षाची सूत्रं मारियांकडं होती, आयुक्त हसन गफूर यांनी त्यांना तिथं बसवलं होतं. हातात आलेले कागद ताईंनी मिनिटामिनिटानं लावले आणि २००९ मध्ये, विनीता देशमुख यांच्या साथीनं, 'टू द लास्ट बुलेट' हे पुस्तक लिहिलं. पुण्याच्या अमेय प्रकाशनानं ते काढलं.

त्या पुस्तकातली एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते. करकरे कामा रुग्णालयाच्या मागच्या बाजूला आहेत आणि ते बिनतारी संदेशावर सांगतायत की पुढच्या बाजूला माणसं पाठवा. नोंद आहे. संदेश पोचला आहे. ताईंचा प्रश्न असा की मग पुढच्या बाजूला कोण गेलं? पोलीस मुख्यालय तिथून काही मिनिटांवर असताना ते तिघं गल्लीत पडून का राहिले? हा प्रश्न कुठल्याही नाट्यमय आवाजात विचारलेला नाही. तो नोंदीतल्या वेळेवर बोट ठेवून विचारलेला आहे, आणि म्हणून तो चुकवता येत नाही. नवरा गमावलेली बाई सरकारी कार्यालयात अर्ज घेऊन उभी राहते, नकार ऐकते, पुन्हा अर्ज करते, आणि कॉल लॉगचे तुकडे जोडून त्या गल्लीत घडलेलं उभं करते. माझ्या धंद्यात मी भल्याभल्यांच्या उलटतपासण्या ऐकल्या आहेत. याहून चांगली मला आठवत नाही.

मारियांनी हे आरोप नाकारले. त्या रात्री फोन आणि संदेशांचा जो पूर आला होता त्यात प्रत्येक हाकेला हात पोचणं किती अवघड होतं, हेही विसरता कामा नये. त्या रात्रीची चौकशी करणाऱ्या राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीनं ठपका ठेवला तो आयुक्त गफूर यांच्या उघड नेतृत्वाच्या अभावावर. ती समिती चौकशी आयोग कायद्याखालची नव्हती. त्यामुळं तिच्यापुढं बोलणाऱ्याला कोर्टातल्यासारखं कुणी उलटं विचारलं नाही. मी कुणाचा निकाल देत नाही. मला दिसतं ते एवढंच की एक प्रश्न विचारला गेला, त्याचं उत्तर दिलं गेलं, आणि सिनेमानं प्रश्न गाळून उत्तराचाच सूर तेवढा घेतला.

एका गोष्टीचं मला विशेष वाटतं. कसाबला वकील मिळाला होता. विशेष न्यायाधीश एम. एल. तहलियानी यांच्यासमोर खटला चालला, ज्या शिपायांनी, प्रवाशांनी गोळ्या झेलल्या त्यांनी पिंजऱ्यात उभं राहून साक्ष दिली, आणि बचावाच्या वकिलानं त्यांना उलटं विचारलं. करकरे-कामटे-साळसकरांच्या गाडीत मागं प्रेतांखाली दबून जिवंत राहिलेले शिपाई अरुण जाधव हेही त्या साक्षीदारांतले. त्यांची साक्ष तावून-सुलाखून निघाली आणि टिकली. ३ मे २०१० च्या निकालाला जगात कुणी बोट लावू शकलं नाही, ते त्या उलटतपासण्यांमुळं. शिपायाच्या शब्दाला जी कसोटी आपण लावली ती साहेबाच्या शब्दाला पडद्यावर लावली नाही, तर साहेबाचा मान वाढतो असं मला वाटत नाही. तपासलेला शब्द जड होतो.

मारियांवरच पडद्यावर याआधी एक वेगळा प्रयोग झाला आहे. अनुराग कश्यप यांचा 'ब्लॅक फ्रायडे', १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांवरचा, हुसेन झैदींच्या पुस्तकावरून. त्यात तेव्हाचे उपायुक्त मारिया हे के. के. मेनन यांनी केलेत. हा सिनेमा पोलिसांच्या बाजूनं सुरू होतो, पण तिथंच थांबत नाही. कोठडीतली मारहाण दाखवतो, संशयितांच्या घरच्यांना ठाण्यात आणून बसवलेलं दाखवतो, स्फोट करणाऱ्या पोरांच्या मागं त्यांच्या पळापळीत जातो. मारियांना पत्रकाराच्या प्रश्नाला तोंड द्यावं लागतं. पोलीस अधिकारी इथं थकलेला, कर्तव्याला जुंपलेला, आपल्या हातानं काय होतंय ते कळत असलेला माणूस आहे. माझ्या लेखी मराठी-हिंदीत मोठ्या पोलीस अधिकाऱ्याचं याहून खरं चित्र झालेलं नाही.

आणि हाच सिनेमा अडला. २००४ मध्ये तयार असून मुंबई उच्च न्यायालयानं तो टाडा कोर्टाचा निकाल लागेपर्यंत दाखवू नये असं म्हटलं. आरोपींनी तक्रार केली होती की खटला चालू असताना आम्हाला पडद्यावर दोषी ठरवू नका. अखेर ९ फेब्रुवारी २००७ ला तो लागला. बंदीच्या वेळी चित्रपटवाल्यांनी हळहळ केली. मी वकील म्हणून त्या आदेशाच्या बाजूनं आहे. ज्याचा खटला चालू आहे त्याच्याबद्दल पडद्यानं आधी निकाल देऊ नये. पण मग हा नियम दोन्ही बाजूंनी चालला पाहिजे. ज्या पोलीस अधिकाऱ्यावरच खटला चालू आहे, त्याला पडद्यावर निर्दोष आणि देखणा दाखवणं हाही आधी दिलेला निकालच आहे, आणि तो थांबवायला कोर्टात कुणी जात नाही.

खटल्यातला अधिकारी पडद्यावर आल्याचं उदाहरण मराठीत आहे. १५ ऑगस्ट २०१४ ला अभिजित पानसे यांचा 'रेगे' आला. वैद्यकीय शिक्षण घेणारा एक मुलगा गुन्हेगारी जगाच्या आकर्षणात कसा ओढला जातो याची गोष्ट. त्यात प्रदीप शर्मा आणि सचिन वाझे ही खरी नावं घेतलेली पात्रं आहेत, महेश मांजरेकर आणि पुष्कर श्रोत्री यांनी केलेली. सिनेमा बांधेसूद आहे, पोलिसांना तो देव करत नाही, हे त्याच्या बाजूनं म्हणायला हवं. पण खऱ्या नावानं पडद्यावर उभा राहिलेला पोलीस अधिकारी त्याच नावानं कोर्टाच्या रोजनाम्यातही होता.

वाझेंवरची ती केस आमच्या मराठवाड्याची. ख्वाजा युनूस, परभणीचा तरुण इंजिनीअर. नंदीग्राम एक्स्प्रेस परभणीवरूनच जाते. २ डिसेंबर २००२ च्या घाटकोपर बसस्फोटाच्या तपासात त्याला पकडलं. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितलं की त्याला तपासासाठी नेत असताना पारनेरजवळ जीपला अपघात झाला आणि तो पळून गेला. हा पोलिसांचा जबाब. आईनं तो मानला नाही. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तपास सीआयडीकडं आला, आणि सीआयडीनं ठेवलेला आरोप असा की युनूस पळालेलाच नव्हता, तो कोठडीत मेला आणि अपघात रचलेला होता. वाझे आणि तीन शिपायांवर खुनाचं आरोपपत्र दाखल झालं. वाझे २००४ मध्ये निलंबित झाले, २००७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, जून २०२० मध्ये पुन्हा सेवेत आले, मार्च २०२१ मध्ये दुसऱ्याच मोठ्या प्रकरणात अटक झाले. युनूसचा खटला मात्र पिढी बदलली तरी निकालापर्यंत पोचला नाही. आई परभणी-मुंबई खेपा घालत राहिली.

शर्मांचंही तसंच. ११ नोव्हेंबर २००६ च्या लखनभैया चकमकीच्या खटल्यात सत्र न्यायालयानं २०१३ मध्ये त्यांना सोडलं, तेरा पोलिसांना दोषी धरलं. मेलेल्याचा भाऊ वकील होता, तो अपिलात गेला. १९ मार्च २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयानं ती सुटका रद्द करून जन्मठेप सुनावली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सिनेमा २०१४ चा आहे. सिनेमाला शेवट असतो, फाइलला नसतो. चालत्या नोकरीतल्या किंवा चालत्या खटल्यातल्या अधिकाऱ्यावर सिनेमा काढणं म्हणजे अर्धा जबाब झाल्यावर कागद सही करून बंद करणं.

असं म्हटल्यावर कुणी विचारेल, मग पोलिसावर सिनेमाच काढू नये का? जरूर काढावा. २०२५ च्या सप्टेंबरात चिन्मय मांडलेकर यांचा 'इन्स्पेक्टर झेंडे' आला. मधुकर झेंडे यांनी चार्ल्स शोभराज या गुन्हेगाराला दोनदा पकडलं, १९७१ मध्ये मुंबईत आणि ६ एप्रिल १९८६ ला गोव्यात पर्वरीच्या ओ कोकेरो हॉटेलात. शोभराज तिहारच्या पहारेकऱ्यांना गुंगीचं खायला घालून १६ मार्चला पळाला होता, म्हणजे एकवीस दिवसांत तो परत सापडला. सिनेमा हलकाफुलका आहे, शोभराजचं नावही बदललंय, आणि मनोज वाजपेयी झेंड्यांचं घर, बायको, साधी पँट-शर्ट यांसकट उभे करतात. ही हकिकतही मुळात झेंड्यांनीच सांगितलेली. पण ती टिकते, कारण दावा लहान आहे आणि त्याला बाहेरचा आधार आहे. तिहारची नोंद आहे, हॉटेल आहे, अटक झालेला माणूस आहे. त्या अटकेत कुणी मेलेलं नाही, म्हणून ज्याचा आवाज कायमचा बंद झाला असा साक्षीदारही इथं नाही.

ही शेवटची गोष्ट आमच्या भागात फार महत्त्वाची आहे. ऑक्टोबर १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात गोंडांचा पुढारी कोमराम भीम मारला गेला. तेव्हा किनवटही आदिलाबाद जिल्ह्यातच होतं, आणि भीमची माणसं ज्या गोंडीत बोलत तीच गोंडी इकडच्या गुड्यांवर बोलली जाते. त्या दिवसाचा सरकारी कागद पोलिसांनी लिहिला, उर्दूत. ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या त्यांची हकिकत गोंडीत राहिली आणि कागदावर आली नाही. पुढं निजाम सरकारनं हैमेनडॉर्फ या मानवशास्त्रज्ञाला तिथं पाठवलं, आणि त्या कामात पुढं एक मराठी अधिकारी आला, निलंग्याचा, सेतुमाधवराव पगडी. पगडींना आपण शिवकाळाचे इतिहासकार म्हणून ओळखतो. पण आदिलाबादच्या जंगलात त्यांनी गोंडी आणि कोलामी शिकून घेतली, त्या भाषांवर लिहिलं, आणि तक्रार घेऊन आलेल्या माणसाचं म्हणणं दुभाष्याशिवाय ऐकलं. राज्य निजामाचं, नोकरी निजामाची, तरीही. सत्तेच्या खुर्चीवर बसून समोरच्याचा जबाब त्याच्याच भाषेत ऐकणारा असा अधिकारी मला पोलीसपटात आजवर दिसलेला नाही. त्याच्यावर सिनेमा काढावा असं कुणालाही वाटलं नाही, कारण त्यात गोळी सुटत नाही.

राकेश मारियांचं 'लेट मी से इट नाऊ' हे आत्मकथन २०२० मध्ये आलं. त्यावरून आता रोहित शेट्टी सिनेमा करतायत, जॉन अब्राहम मारिया होणार आहेत. म्हणजे पुन्हा जबाब, आणि या वेळी तो साहेबांच्या स्वतःच्या सहीचा. मारियांना बोलायचा पूर्ण हक्क आहे. एवढ्या तपासांत ज्यानं आयुष्य घातलं त्याची बाजू ऐकली गेलीच पाहिजे, आणि मी तिकीट काढून ती ऐकणार आहे. सिनेमात २६/११ ची रात्र आली तर नियंत्रण कक्ष येईल, आणि कक्ष आला की मागच्या बाजूनं बोलणाऱ्या करकऱ्यांचा संदेशही यायला हवा. त्या नोंदी माहिती अधिकारात बाहेर आलेल्या आहेत, वेळेसकट छापलेल्या आहेत. त्या वाचून दाखवायला एक मिनिट लागतं, आणि ते मिनिट विनीता कामटे यांना द्यावं.